तूट तीन टक्क्यांत, मग कर्ज का फुगतं?

प्रश्न : राज्याची तूट तीन टक्क्यांच्या आत असल्याचं दर अर्थसंकल्पात ऐकतो. तरी कर्ज वाढतंच. मर्यादा नेमकी कशावर असते?

उत्तर : तूट (राजकोषीय तूट) म्हणजे ढोबळमानाने त्या वर्षी काढायचं निव्वळ कर्ज. मर्यादा त्यावर असते, जुन्या थकबाकीवर नाही. समजा, राज्याचं स्थूल उत्पन्न (सरकारचं नव्हे, राज्याच्या सगळ्या अर्थव्यवस्थेचं) १०० रुपये आणि सरकारचं कर्ज २० रुपये. पुढच्या वर्षी महागाई धरून उत्पन्न ११० झालं आणि तूट ३ टक्के, म्हणजे ३.३० रुपये आली. कर्ज झालं २३.३०, म्हणजे उत्पन्नाच्या २१.२ टक्के. नियम पाळूनही बोजा वाढला! वाढीचा वेग असाच राहिला, तर हे प्रमाण चढत चढत ३३ टक्क्यांपाशी स्थिरावतं. वेग मंदावला, तर त्याहून वर जातं.

खरी मेख मात्र मोजमापात आहे. राज्य सरकारचं महामंडळ कर्ज काढतं, हमी राज्याची, हप्ते राज्याच्या तिजोरीतून. पण तुटीत ही रक्कम दिसत नाही. असं अर्थसंकल्पबाह्य कर्ज केंद्राने २०२१-२२ पासून राज्यांच्या मर्यादेत धरायला सुरुवात केली. त्यावरून केरळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवलं गेलं. केंद्रानेही असंच अर्थसंकल्पाबाहेर कर्ज ठेवलं होतं, हे विसरू नये. भारतीय अन्न महामंडळाला धान्याचं अनुदान पूर्ण न देता अल्पबचत निधीतून कर्ज दिलं जाई. ते २०२०-२१ मध्ये अर्थसंकल्पात आणलं, तेव्हा कोविडने आधीच फुगलेली तूट आणखी वाढून ९.२ टक्क्यांवर गेली.

प्रश्न : मर्यादा मोडली तर शिक्षा काय?

उत्तर : केंद्राला काहीच नाही. तुटीवर मर्यादा घालणाऱ्या २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व (एफआरबीएम) कायद्यानुसार अर्थमंत्र्यांनी संसदेत कारण सांगायचं, एवढंच. २०१८ च्या दुरुस्तीत अपवाद म्हणून तूट उद्दिष्टापेक्षा अर्धा टक्का जास्त ठेवण्याची सवलत दिली. २०१९-२० मध्ये ती वापरून तूट ३.८ टक्के दाखवली, प्रत्यक्षात ४.६ निघाली.

राज्यांचं तसं नाही. केंद्राचं कर्ज शिल्लक असेल तोवर नवं कर्ज काढायला राज्यघटनेच्या कलम २९३(३) प्रमाणे केंद्राची संमती लागते. आणि केंद्र हल्ली भांडवली कामांसाठी राज्यांना ५० वर्षांची बिनव्याजी कर्जं देतं, म्हणजे ही दोरी इतक्यात सुटत नाही.

म्हणून अर्थसंकल्प वाचताना अंदाजावर थांबू नका. दोन वर्षांपूर्वीचा ‘प्रत्यक्ष’ रकाना, पुरवणी मागण्या आणि हमींचं विवरणपत्र शेजारी ठेवा.