चूक सापडली तर काय कराल?

चर्चच्या मंडळीतून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसं एक गोष्ट हमखास विचारतात. "ताई, सगळं समजून-उमजून केलं, प्रार्थना केली, तरी असं काऊन झालं? आमचा विश्वासच कच्चा का?" शिकलेली, चारचौघांना सल्ला देणारी माणसं तर जास्तच विचारतात. त्यातल्या एका काकांची ही हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख लपवून.

यवतमाळ जिल्ह्यातले काका निवृत्त कृषी सहायक. किडीचे पतंग वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे केव्हा लावायचे, गारपीट झाली तर विमा कंपनीला 72 तासांत कसं कळवायचं, गाव त्यांना विचारल्याशिवाय काही करत नसे. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हा ज्यांनी त्यांचं ऐकलं त्यांचं थोडंफार वाचलं. मग काकू कर्करोगाने गेल्या.

काका येताना शंभरपानी वही आणायचे. हिमोग्लोबिनचे आकडे, पांढऱ्या पेशी, नागपूरच्या फेऱ्या, कोणतं औषध कधी बदललं, सगळं तारीखवार. काही तारखांभोवती लाल पेनाने गोल.

"कुठंतरी चुकलंच असन नं, ताई. मले फक्त ते सापडलं पाह्यजे. चर्चात सारे म्हणतात, देवाची योजना होती. मंग त्या योजनेचा हिशेब द्या म्हना मले!"

बऱ्याच भेटी आम्ही ती वहीच वाचत होतो. मी घाई केली नाही. एकदा ते स्वतःच वही मिटून बसले, तेव्हा विचारलं, "काका, समजा चूक सापडली. मग काय कराल?"

त्यांनी वही पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"मंग निदान माह्या हातात होतं, असं तं वाटन."

हाच प्रश्न पहिल्या भेटीत विचारला असता, तर काका उठून गेले असते. वेळ ओळखणं हे या कामातलं निम्मं कसब, आणि इतक्या वर्षांत ते मला जमलं आहे असं म्हणायला हरकत नाही. मला त्या दिवशी दिसलं ते हे: हुशार माणसाला अपराधी होणं परवडतं, हतबल होणं परवडत नाही. दोष आपला ठरला, तर जग अजून हिशेबात बसतं. जगाच्या शहाणपणाची धाव तिथपर्यंतच. उपचार कुठे करायचे, पैसे कसे उभे करायचे, हे ते सांगतं, आणि ते ऐकावंच. 'ती गेली, आता मी कशासाठी?' याला मात्र त्याच्याकडे उत्तर नसतं, म्हणून ते चूक शोधत बसतं.

बायबलमधला ईयोब नीतिमान, तरी त्याच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले. त्याच्या तीन मित्रांचं तेच झालं. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होतं. मग तोंड उघडलं आणि हिशेब मांडला: दुःख आहे म्हणजे पाप असणारच. शेवटी देव कोपला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. काकांना मी हे वाचायला सांगितलं. त्यांचा राग म्हणजे अविश्वास, असं त्यांना वाटत होतं. ईयोबालाही कारण शेवटपर्यंत कळत नाही, हे पाहून ते म्हणाले, "म्हंजे मले भांडता येते तं!"

माझा कल व्हिक्टर फ्रँकलकडे आहे, लपवत नाही. नाझी छळछावण्यांतून वाचलेला हा मानसोपचारतज्ज्ञ म्हणायचा, आयुष्याचा अर्थ काय असं आपण विचारायचं नसतं, आयुष्यच आपल्याला विचारत असतं. काकांना आयुष्याने काय विचारलं, ते मी सुचवलं नाही. नागपूरच्या दवाखान्यात कुठला कागद कोणत्या खिडकीवर लागतो, हे त्यांना पाठ होतं. आता गावातलं कोणी तिकडे निघालं की ते सोबत जातात.

दुःखात असलेल्याला 'योजना' समजावू नका. डबा द्या, जवळ बसा. झोप, जेवण तुटलं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

काकांचं देवाशी भांडण अजून मिटलेलं नाही. पाळकसाहेबांना ते अधूनमधून असे प्रश्न टाकतात, की पाळकसाहेब मला फोन करतात.