बुडालो तर नेमकं किती बुडेन?

नवा धंदा उभा करणाऱ्यांच्या पत्रांत या वेळी एकच सूर होता, अपयशाच्या भीतीचा. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : नाशिकला नोकरी करतो, हातात ७२,००० येतात. निर्यातीची द्राक्षं पिकवणाऱ्यांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवणारं ॲप तयार करून कंपनी काढायची आहे. शिल्लक ९ लाख, बायकोचा पगार ३१,०००, गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ५८,०००. पण राजीनामा लिहायला बसलं की ‘बुडालो तर?’ एवढंच डोक्यात घुमतं.

उत्तर : या ‘बुडालो तर’ला अजून आकडा नाही, म्हणून तो छळतो. आधी तो काढू.

तुमची महिन्याची तूट २७,००० रुपयांची. ती किती महिने भरून काढावी लागेल, हे द्राक्षाचा हंगाम ठरवतो. फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते आणि फवारण्यांची गर्दी त्यानंतर. माल निघतो साधारण जानेवारी ते एप्रिल. म्हणजे बागायतदाराला नोंदींची गरज छाटणीपासून असते, पण त्याच्या हातात पैसा येतो माल गेल्यावर. जुलैत नोकरी सोडलीत तर पहिली भरीव वसुली मार्च-एप्रिलमध्ये. व्यापाऱ्याकडून पैसे लांबतात, तेव्हा १२ महिने धरा : ३,२४,०००. आजारपण आणि अडीअडचणीसाठी १,००,०००. कंपनी बंद करायची वेळ आलीच तर सीएची फी आणि सरकारी शुल्कासाठी ५०,०००. उरले ४,२६,०००. ही रक्कम वेगळ्या खात्यात टाका. धंद्याचा एकही रुपया दुसऱ्या खात्यातून जाणार नाही, असं ठरवलंत तर धंद्यातला जास्तीत जास्त तोटा एवढाच.

छाटणीआधी ॲप शेतकऱ्याच्या हातात देता येत नसेल, तर राजीनामा एक वर्ष पुढे ढकला. नोव्हेंबरात कोणी नवी पद्धत शिकायला बसत नाही.

आता थांबण्याची अट आजच कागदावर लिहा. उदाहरणार्थ, ‘३० एप्रिलपर्यंत ४० बागायतदारांनी पुढच्या हंगामाचे पैसे भरले नाहीत, किंवा खात्यात ६०,००० उरले, तर थांबायचं.’ खाली तुम्हा नवरा-बायको दोघांच्या सह्या. हे आधीच लिहायचं, कारण एकदा पैसे गेले की ‘इतके घातलेत, अजून थोडे घालू’ असं वाटतंच. मग पीएफ निघतो, दागिने बँकेत जातात, गृहकर्जावर टॉपअप घेतला जातो. धंदा बुडाल्याने घर बुडत नाही, या शेवटच्या चार-सहा महिन्यांनी बुडतं.

राजीनाम्याआधी दोन गोष्टी तपासा. सलग नोकरीला पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा, नाहीतर ग्रॅच्युइटी हातची जाईल. दुसरं, कंपनीचा गट आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस दावा मिळत नाही आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. तेव्हा स्वतःची पॉलिसी दोन-तीन महिने आधीच घ्या.

प्रश्न : पुण्यात दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतोय. आठ महिने झाले, अजून एकाही डॉक्टरला दाखवलेलं नाही. प्रत्येक वेळी काहीतरी सुधारायचं राहतं.

उत्तर : सुधारणा हे निमित्त आहे, नकाराची भीती हे कारण. भेट टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढची भेट टाळणं आणखी सोपं होतं. नुसता निर्धार करून हे चक्र तुटत नाही. छोट्या, चढत्या पायऱ्या लागतात.

पहिल्या आठवड्यात दवाखान्यांच्या रिसेप्शनवर जाऊन फक्त पाहा. रजिस्टरमध्ये नाव कसं लिहितात, फोन आला की रांगेचं काय होतं, न आलेल्या पेशंटच्या नावावर रेघ कोण मारतं. विकायचं काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात तीन ओळखीच्या डॉक्टरांना आहे तसं, अर्धवट सॉफ्टवेअर दाखवा. तिसऱ्यात पाच अनोळखी डॉक्टरांकडे जा. ओपीडीच्या वेळेत जाऊ नका, दुपारी एक ते चारच्या मधली वेळ मागून घ्या. चौथ्यात पैसे मागा : ‘तीन महिन्यांचे १,५०० आगाऊ द्या, आवडलं नाही तर परत.’

‘छान आहे हो’ हे उत्तर मोजायचं नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं, त्यामुळे कौतुक फुकट मिळतं. पैसे भरले, तारीख दिली किंवा रिसेप्शनिस्टला तुमच्यासमोर बसवलं, तरच होकार. प्रत्येक भेटीआधी वहीत एका ओळीत लिहा, काय होईल असं वाटतं. भेटीनंतर शेजारी, खरं काय झालं. दहा भेटींनंतर दोन्ही रकाने वाचा. ‘हाकलून देतील’ असं लिहिलेल्या जागी बहुतेक ठिकाणी ‘नंतर या’ सापडेल, आणि ‘नंतर या’चं काय करायचं हे ठरवता येतं.

भागीदार असतील तर एक अर्ध्या तासाची बैठकही घ्या. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मांडलेली ही पद्धत आहे. वर्ष उलटलं आणि आपला धंदा पार फसला, असं समजून प्रत्येकाने दहा मिनिटं न बोलता कारणं लिहायची, मग एकेक वाचायचं. ‘फसेल का?’ विचारलं की सगळे धीर देतात, ‘का फसला?’ विचारलं की मनातलं बाहेर येतं. वरच्या तीन कारणांवर या महिन्यात काय करणार, ते तिथेच ठरवा.

प्रश्न : मामांनी ३ लाख दिले. बुडाले तर तोंड कसं दाखवू?

उत्तर : पैसे बुडण्यापेक्षा ‘मला वाटलं होतं परत मिळतील’ या वाक्याने नाती जास्त तुटतात. पैसे घेतानाच लिहून द्या : हे कर्ज की भांडवल, आणि सगळे गेले तर काय.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक अडचण आहे. संचालकाच्या नातेवाइकाकडून कर्ज घ्यायला सवलत आहे, पण कंपनी कायद्याच्या ‘नातेवाईक’ यादीत मामा बसत नाहीत. आई-वडील, भाऊ-बहीण, पती-पत्नी, मुलं, सून, जावई बसतात. मामांचं कर्ज बेकायदा ठेव ठरू शकतं. रीतसर शेअर देणं बरं. आणि कर्ज कोणाचंही असो, २०,००० किंवा अधिक रक्कम रोखीत घेऊ नका.

प्रश्न : आमची प्रायव्हेट लिमिटेड चालली नाही, विक्री थांबली आहे. राहतं घर जाईल का? कंपनी तशीच सोडून दिली तर?

उत्तर : कंपनीचं देणं सहसा कंपनीपुरतंच राहतं. पण तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल तर बँक तुमच्या मालमत्तेपर्यंत येऊ शकते. मंजुरीपत्र काढून ‘हमीदार’ या ओळीखाली कोणाची सही आहे ते आजच पाहा. सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी हमी योजनेखालचं कर्ज विनातारण असतं, माफ नसतं. ते संरक्षण बँकेला आहे, वसुली तुमच्याकडूनच होते. दिलेला चेक न वटल्यास सही करणाऱ्यावर कलम १३८ खाली खटला होऊ शकतो, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर त्या पुरवठादारांशी सगळ्यात आधी बोला, हप्ते लिहून घ्या, जुने चेक परत मागा.

तशीच सोडणं ही सगळ्यात महागडी वाट. वार्षिक विवरणाच्या प्रत्येक फॉर्मला उशिराचे दिवसाला १०० रुपये चढतात. सलग तीन वर्षं विवरण नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र, म्हणजे पुढचा धंदाही अडला.

रीतसर बंद करायचं तर देणी चुकवा आणि कंपनीचं नाव नोंदणीतून काढण्यासाठी एसटीके-२ अर्ज करा, शुल्क १०,००० रुपये. सोबत नुकसानभरपाईचा बाँड, शपथपत्र आणि ३० दिवसांपेक्षा जुना नसलेला हिशेब लागतो. अडतं ते इथे : सुरू झालेल्या कंपनीने आधीची दोन आर्थिक वर्षं व्यवहार केलेला नसावा लागतो. विक्री थांबल्याच्या महिन्यात अर्ज चालत नाही. मधल्या काळात विवरणपत्रं भरत राहा, तो खर्च बाजूला ठेवा. थांबायचं नसेल तर दिवाळखोरी संहितेखाली स्वेच्छा परिसमापनाची, म्हणजे कंपनी स्वतःहून गुंडाळण्याची वाट आहे, पण ती जास्त खर्चाची आहे.

जीएसटी नोंदणी मात्र लवकर रद्द करा. तोपर्यंत विक्री शून्य असली तरी विवरण भरावंच लागतं, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरण, जीएसटीआर-१०. कर थकवू नका. प्राप्तिकर आणि जीएसटीची थकबाकी कंपनीकडून निघाली नाही, तर हलगर्जी आपली नव्हती हे दाखवू न शकलेल्या संचालकाकडून ती वसूल होऊ शकते.

तुमच्या पत्रात दोन आठवड्यांपासून झोप नाही असंही लिहिलं आहे. सीएच्या भेटीइतकीच डॉक्टरांची भेटही या आठवड्यात ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.