बजी घ्यावा की लव्हबर्ड?

बजी (बजरीगर) आणि लव्हबर्ड, दोन्ही पाळीव छोटे पोपटच. पहिल्यांदाच पक्षी पाळत असाल तर बजी घ्या. वजन 30-40 ग्रॅम, चोच नाजूक, चावला तरी सहसा चिमटाच बसतो. लव्हबर्ड लांबीला त्याच्यापेक्षा आखूड, पण अंगाने भरीव, 50 ग्रॅमच्या आसपास, आणि त्याची चोच रक्त काढते. नावावर जाऊ नका. हा पक्षी आपल्या जागेबद्दल फार हट्टी असतो. मादी तर पिंजऱ्यात हात घातलेलाही खपवून घेत नाही.

म्हणूनच दोघांना एका पिंजऱ्यात कधीही ठेवू नका. लव्हबर्ड बजीच्या पायाची बोटं तोडतो, आणि एवढ्याशा जीवाला थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो.

नर-मादी ओळखणं बजीत सोपं. प्रौढ नराची नाकपुड्यांभोवतीची कातडी निळी, मादीची तपकिरी किंवा पांढरट. पांढऱ्या-पिवळ्या जातींत मात्र नराची गुलाबी-जांभळीच राहते, तिथे फसगत होते. पीचफेस (गुलाबी-केशरी चेहऱ्याच्या) लव्हबर्डमध्ये डीएनए चाचणीच खात्रीची. मादी कागदाच्या पट्ट्या कातरून पाठीच्या पिसांत खोचते, हा अंदाजापुरता संकेत.

पिंजरा दोघांनाही उंचीपेक्षा लांबीला मोठा हवा. जोडीला किमान 75 सेंमी. गजांतलं अंतर 12 मिमीच्या आत ठेवा, नाहीतर बजीचं डोकं अडकतं. नुसत्या दाण्यांवर ठेवलात तर चरबी वाढून यकृत बिघडतं, अ जीवनसत्त्वही कमी पडतं. रोज हिरवा पाला आणि किसलेलं गाजर द्या. अव्होकॅडो अजिबात नको. टेफ्लॉनचं (नॉनस्टिक) भांडं जास्त तापलं तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो.