कांजण्यांचा विषाणू इतकी वर्षं लपतो कुठे?

लहानपणी कांजण्या होऊन गेलेल्या आजोबांना आता सत्तरीत नागीण निघालीय, मग मधली वर्षं विषाणू होता कुठे आणि औषधाने पुरता मरत का नाही, असं तुम्ही विचारलंय. माझं देवगडला मेडिकल स्टोअर आहे, काउंटरवर पण लोक हेच विचारतात.

विषाणू दोन्हीचा एकच, हर्पिस घराण्यातला व्हॅरिसेला झोस्टर. कांजण्यांच्या फोडांतून तो कातडीतल्या नसांच्या टोकांत शिरतो आणि नसेच्या आतूनच उलटा सरकत सरकत मणक्याशेजारी नसांच्या पेशींचे छोटे गठ्ठे असतात ना, गँगलिया म्हणतात, तिथे पोचतो. (तापानंतर ओठावर फोड येतात तो याचाच भाऊ, हर्पिस सिम्प्लेक्स, तो चेहऱ्याच्या नसेच्या गँगलियात बसतो.) तिथे पेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए गोल कडी होऊन नुसता पडून असतो, आपल्या डीएनएत मिसळत नाही, नवीन विषाणू बनवत नाही, जवळजवळ सगळे जीन्स बंद. उन्हाळ्यात कुर्ली (खेकडा) बिळात दडते तसंच, फक्त ती पावसाने बाहेर येते आणि हा वयाने नाहीतर आजारपणाने टी पेशींचा (शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशींचा) पहारा ढिला पडला की.

आता गोळी. नागिणीवर देतात ती असायक्लोव्हिर अडवते ती विषाणू स्वतःच्या कॉप्या काढत असताना, जो कॉपीच काढत नाही त्याला ती काय करणार? बरं, शरीराने ती पेशीच मारून टाकावी तर नसेची पेशी गेली की गेली, परत तयार होत नाही.

आमच्याकडे म्हणतात, "तोंड शेपटीक गावला की माणूस जाता," म्हणजे नागिणीचा विळखा अंगाभोवती पूर्ण झाला की माणूस मरतो. नाही जात हो! एका गँगलियातून एकाच बाजूची नस निघते म्हणून पुरळ मणक्यापासून पुढे मधोमध येऊन थांबतं, विळखा सहसा पूर्ण होतच नाही. पण या भीतीने लोक आधी गेरू लावणार, मंत्र घालून घेणार आणि मग आठवड्याने चिठ्ठी घेऊन दुकानात येणार, खरं तर गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त फायदा. फोड सुकले तरी आग काहींना महिनोन्महिने राहते.

डोळ्याच्या आसपास फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी शिंग्रिक्स लस भारतात मिळते, दोन डोस, महाग आहे. आणि आजोबांच्या फोडांवर खपली धरेपर्यंत कांजण्या न झालेली पोरं आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला जरा लांबच ठेवा, त्यांना नागीण नाही होणार पण कांजण्या होऊ शकतात.