रेगे, डब आणि हिप-हॉप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रॅपचा जन्म जमैकात झाला, असं माझा मित्र छातीठोकपणे सांगतो. खरं आहे का? (पुणे)

अर्धं खरं. जमैकाची राजधानी किंग्स्टनचा क्लाइव्ह कॅम्पबेल १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये राहायला आला आणि पुढे डीजे कूल हर्क झाला. ११ ऑगस्ट १९७३ ला त्याच्या बहिणीने सेजविक अव्हेन्यूवरच्या इमारतीत तिकीट लावून पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून हीच तारीख मानतात. हर्ककडे जमैकन साउंड सिस्टिमची रीत होती : दणदणीत स्पीकर, माइकवरून नाचणाऱ्यांना हाका. पण रेगेवर, म्हणजे जमैकाच्या संथ ठेक्याच्या संगीतावर, ब्रॉन्क्सची पोरं नाचेनात. मग त्याने फंक, म्हणजे ठेक्यावर भर देणारं अमेरिकन नाचाचं संगीत, लावलं आणि गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवला. हा शोध ब्रॉन्क्सचाच. आणि जमैकातले माइकवाले तरी कुणाचं ऐकून शिकले? मायामी, न्यू ऑर्लिन्सच्या रेडिओवरच्या बोलघेवड्या निवेदकांचं. मित्राला सांगा, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी झालाय.

प्रश्न : मी घरी लॅपटॉपवर संगीत करतो. गाण्याला भरपूर इको दिला की डब होतं का? (कोल्हापूर)

नाही. डब म्हणजे ध्वनिमुद्रित रेगे गाणं मोडून नव्याने मिक्स करणं, आणि त्यात आधी काढायचं असतं. जमैकातला डबचा उस्ताद किंग टबी हा मुळात रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा माणूस. वॉटरहाउस वस्तीतल्या त्याच्या घरातला स्टुडिओ इतका लहान, की वादक बसवायला जागाच नव्हती. दुसरीकडे ध्वनिमुद्रित झालेल्या टेप त्याच्याकडे येत : चार ट्रॅक, बस्स. तो गायकाचा आवाज बंद करी, गिटार बंद करी, ड्रम आणि बास उघडे ठेवी. मध्येच गायकाचा एखादा शब्द सोडी, तो टेपच्या इकोत घुमत जाई आणि त्याच्याखाली बास पुन्हा दाखल होई. टबीच्या मिक्सरवर एक मोठा फिल्टरचा नॉब होता; तो फिरवला की झांज खालच्या थरातून वर सरकत गेल्यासारखी ऐकू येते.

तुम्ही असं करा. ड्रम, बास, गिटार, गायन असे चार ट्रॅक घ्या. इको सगळ्या ट्रॅकवर पसरू नका, वेगळ्या वाहिनीवर ठेवा. एका शब्दापुरता सेंड (ट्रॅकचा आवाज इकोकडे पाठवणारा नॉब) उघडा, लगेच बंद करा. मूळ आवाज थांबतो, शेपूट घुमत राहतं. आणि माउसने रेघा ओढत बसू नका. नॉब असलेला साधा कंट्रोलर जोडा, गाणं सुरू करा आणि शेवटपर्यंत एका दमात हाताने मिक्स करा. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. टबीची मिक्सिंग जिवंत वाटतात ती यामुळेच : त्या क्षणी त्याने कान देऊन घेतलेला निर्णय आपल्याला ऐकू येतो.

प्रश्न : जमैकात एकच संगीत वेगवेगळ्या गायकांच्या गाण्यांत ऐकू येतं. ही सरळ चोरी नाही का? (नाशिक)

आपली भजनी मंडळं एकाच चालीवर किती अभंग म्हणतात! तिथे चाल सामाईक, जमैकात ड्रम-बासचा साचा सामाईक. त्याला रिडिम म्हणतात. एकाने बांधलेल्या रिडिमवर दुसऱ्याने गायचं, तिसऱ्याने बोलायचं, हा तिथला रिवाजच आहे. यू-रॉय या जमैकन माइकवाल्याने १९७० मध्ये जुन्या गाण्यांच्या संगीतावर बोलून जमैका गाजवलं. आजची रिमिक्सची कल्पना मला तिथूनच आलेली दिसते.

मात्र रिवाज सामाईक असला तरी पैसा सामाईक नव्हता, आणि याचा मला मनापासून राग येतो. १९७३ च्या ‘स्टॅलॅग’ रिडिमवर जमैकन गायिका सिस्टर नॅन्सीने १९८२ मध्ये ‘बाम बाम’ गायलं. जगभर वाजलं. आपल्याला त्यातून काही मिळालं नाही, असं ती अनेक वर्षं सांगत होती. अमेरिकेत बँकेत नोकरी करून ती जगली. २०१४ मध्ये ते गाणं एका जाहिरातीत ऐकल्यावर ती कायद्याने लढली आणि हक्कांतला वाटा मिळवला. म्हणून २०१६ मध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने तिचा आवाज वापरला, तेव्हा मला बरं वाटलं. जमैकात १९९३ पर्यंत ब्रिटिश अमलातला १९११ चा कॉपीराइट कायदाच चालू होता, हेही ध्यानात घ्या. तेव्हा एकमेकांचं घेणं चोरी नाही. नाव गाळणं आणि पैसे बुडवणं ही चोरी.

प्रश्न : खेळण्यातल्या कॅसिओवर रेगे बदललं म्हणतात, ते काय? (ठाणे)

१९८५ चं ‘अंडर मी स्लेंग टेंग’. वेन स्मिथ गायक, किंग जॅमी निर्माता. त्याचा ठेका कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये आयता होता. तो तयार केला होता जपानच्या हिरोको ओकुडा यांनी. जॅमीने तो संथ केला. तिथून डान्सहॉलमध्ये, म्हणजे रेगेच्या नाचाच्या प्रकारात, वादकांची जागा यंत्रांनी घेतली. कित्येक वादकांचं काम गेलं, हेही खरं.

प्रश्न : मी फक्त बॉब मार्ले ऐकलाय. पुढे काय ऐकू? (बेळगाव)

जोडीने ऐका. जमैकन गायक इनी कमोझेचं १९८४ चं ‘वर्ल्ड-अ-म्युझिक’ आणि लगेच बॉबचा मुलगा डॅमियन मार्लेचं २००५ चं ‘वेलकम टु जॅमरॉक’. दुसऱ्यात पहिल्याचाच ठेका आणि आवाज आहे, पण गाण्यातला संताप वेगळा. मग डॅमियन आणि रॅपर नास यांचा २०१० चा ‘डिस्टंट रिलेटिव्ह्ज’ अल्बम. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, बास निम्मा गळतो. चांगला हेडफोन लावा आणि पहिल्या ऐकण्यात गायकाकडे दुर्लक्ष करून बासच्या मागे जा.