होळीच्या आधी बाल्कनीत भाजी लावताय? मग हे वाचा

अहो एकदम दहा कुंड्या आणू नका, पहिल्या वर्षी मी तेच केलं आणि मे महिन्यात गावाला जाऊन आले तर निम्म्या कुंड्यांत नुसती काडी उरलेली. आमची मुलुंडची बाल्कनी पश्चिमेची, दुपारी तीननंतर ग्रिल हाताला चटका देते, तिथे आता पालक लावायचा हट्ट सोडा, तो थंडीतला गडी. भेंडी, गवार, लाल माठ लावा, ऊन त्यांना चालतं. भेंडीचं बी रात्रभर भिजवा आणि बारा इंची कुंडीत एकच रोप ठेवा, दोन ठेवायचा मोह होतोच पण मग दोन्ही किरकोळ राहतात. साधारण दीड-दोन महिन्यांत भेंडी मिळते, बोटाएवढी झाली की लगेच तोडा, उद्या बघू म्हणालात की जून झालीच.

पाणी सकाळी घाला, पण आधी मातीत बोट खुपसून बघा, वरून कोरडी दिसते आणि आत चिखल असतो. मिरचीची पानं उलटी करून बघत जा, पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो पिठ्या ढेकूण. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा, उन्हात मारलंत तर पानं करपतात.

आणि कबुतरं! कोवळं रोप दिसलं की संपलंच, जाळी आधी लावा, बी नंतर.