‘तिला विचारू नकोस, देवा’

समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती माणसांकडून एक प्रश्न मी सतत ऐकते. नवऱ्याच्या दारूनं पिचलेली बाई विचारते, “देवानं त्याला एवढी मोकळीक दिलीच कशाला?” स्वतःच्या हातानं संसार मोडून बसलेला तरुण विचारतो, “मी घसरणार हे देवाला ठाऊक होतं, मग त्यानं मला धरलं का नाही?” आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारतात ते आईबाप. मुलगा उपासनेला येईनासा झालेला असतो, मुलगी प्रार्थनेचं नाव काढलं की उठून जाते, आणि यांचं एकच गाऱ्हाणं असतं: सर्वसमर्थ देवाला एक मन वळवता येत नाही का?

ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांना मी भाऊ म्हणायचे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि अनेक भेटींतलं बोलणं एकत्र आणलं आहे. वय साठीच्या आसपास, चर्चच्या मंडळीत मान, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल जवळजवळ तोंडपाठ. मुलगी सव्वीस वर्षांची, कमावती. विश्वासावरून घरात मोठं भांडण झालं आणि ती वेगळी राहायला गेली.

पहिल्याच भेटीत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. रोज पहाटे ते मुलीला बायबलमधलं एक वचन पाठवत. बोटानं वर सरकवत राहिले: वचन, वचन, वचन. आईबापांचा मान राख. मागे फीर. न्यायाचा दिवस. प्रत्येकाखाली दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचलेलं होतं. मुलीचा स्वतःचा शब्द सापडायला बराच वेळ लागला. खूप वर कुठेतरी नुसतं “बरं” होतं.

“ताई, मी देवाला एकच मागतो,” ते म्हणाले. “तिचं मन फिरव. तिला विचारू नकोस.”

“तिला विचारू नकोस?”

“हो. लहान असताना आम्ही कुठे विचारत होतो? धरून न्यायचो.”

हे वाक्य मी जपून ठेवलं. त्या दिवशी त्याला हात लावला नाही. माणूस दुःखानं भरलेला असताना त्याचं वाक्य उलटून त्याच्यासमोर ठेवलं तर तो बंद होतो, हे आता अंगवळणी पडलं आहे.

पुढच्या काही भेटींत ते वाद घालायलाच येत. मला ते आवडतं. देवाशी भांडणाऱ्या माणसाचं देवाशी नातं अजून शाबूत असतं. त्यांचा पहिला मुद्दा एदेन बागेचा. बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचं झाड देवानं लावलंच कशाला? झाड नसतं तर आदाम-हव्वा चुकले नसते, जग बिघडलं नसतं. मी म्हटलं, झाड नसतं तर बागेत आज्ञा पाळणंही नसतं. न मोडता येणारी आज्ञा पाळण्यात कसली आलीय निष्ठा? बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव आधी बागेतल्या सगळ्या झाडांची फळं खायला मोकळी देतो आणि मग एकाला मनाई करतो. “नाही” म्हणता येण्याची जागा त्यानं ठेवली, म्हणून “हो” ला अर्थ आला.

दुसरा मुद्दा जास्त अवघड होता. देवाला सगळं आधीच माहीत असतं, तर मुलीचं जाणंही माहीत होतं. मग ते ठरलेलंच नव्हतं का? मी त्यांना येशूचा शिष्य पेत्र याची आठवण दिली. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असं येशूनं त्याला अगोदर सांगितलं होतं. तरी अंगणातल्या शेकोटीपाशी नाकारलं ते पेत्रानंच, घाबरून. नंतर बाहेर जाऊन रडला तोही पेत्रच. पुढचं माहीत असणं आणि ते घडवून आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाऊंना हे पटलं, पण मान डोलावून माणूस बरा होत नाही. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा तेच गाऱ्हाणं घेऊन आले.

या प्रश्नावर चर्चचं स्वतःचंही एकमत नाही, हे मी विचारणाऱ्यांपासून लपवत नाही. माणूस स्वतःच्या बळावर चांगुलपणा निवडू शकतो असा पेलागियस या जुन्या काळातल्या ख्रिस्ती शिक्षकाचा रोख होता. त्याच काळातल्या ऑगस्टीन या बिशपनं त्याला कडाडून विरोध केला आणि 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेनं ती शिकवण नाकारली. 1524 मध्ये इरॅस्मस या विद्वानानं माणसाच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, तर पुढच्याच वर्षी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं उत्तर दिलं की पापानं जखडलेली इच्छा स्वतःहून देवाकडे वळूच शकत नाही. पुढे कॅल्व्हिन या दुसऱ्या धर्मसुधारकाच्या परंपरेत, कोणाला तारायचं हे देवच निवडतो, यावर भर राहिला, आणि मेथडिस्ट परंपरेच्या जॉन वेस्लीनं म्हटलं की देवाची कृपा आधी येते, ती प्रत्येकाला उत्तर देण्याजोगं मोकळं करते, पण ओढून नेत नाही. माझा कल उघडच वेस्लीकडे आहे. इतकी वर्षं माणसांसमोर बसल्यावर तो पक्का होत गेला. जबरदस्तीनं बदललेला माणूस मी पाहिलेला नाही. जबरदस्तीनं दबलेले पुष्कळ पाहिले.

मग ती भेट आली. भाऊ त्या दिवशी थकलेले दिसत होते, वाद घालायची उमेद नव्हती. मी ठरवलं, आता विचारायचं.

“भाऊ, समजा आज रात्री देवानं तुमचं मागणं जसंच्या तसं ऐकलं. तिला न विचारता तिचं मन फिरवलं. रविवारी ती तुमच्या शेजारी येऊन बसली. गीत म्हणतेय, डोळे मिटतेय, आमेन म्हणतेय. उपासना संपली. तुम्ही तिला काय विचाराल?”

पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “घरी चल म्हणेन.”

“आणि घरी गेल्यावर?”

“विचारीन, बाळा, कशानं आलीस परत?”

“काय सांगेल ती?”

“ती सांगेल, पप्पा, मला...” एवढं बोलून ते थांबले. मी काही सुचवलं नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, “ती म्हणेल...” आणि पुन्हा थांबले. ते खरोखर मुलीचं उत्तर शोधत होते. तिला एकटं वाटलं, तिला वडिलांची आठवण आली, एखादं वचन मनाला लागलं, यातलं एकही उत्तर त्या गोष्टीत बसत नव्हतं. कारण त्या गोष्टीत मुलीनं काही केलंच नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “तिच्याकडे सांगायला काहीच नसेल. ताई, मग ती आली असं नाही म्हणता येणार. आणली म्हणावं लागेल.”

मी गप्प राहिले. मला वाटलं होतं, इथवर आलो तरी पुष्कळ झालं. पण ते स्वतःहून पुढे गेले. खिशातला फोन काढला, टेबलावर उताणा ठेवला आणि म्हणाले, “मी रोज पहाटे तेच करतोय ना? तिला न विचारता.”

देवानं माणसाला स्वातंत्र्य का दिलं याचं ख्रिस्ती उत्तर एका ओळीत देता येतं: प्रीती मागून मिळते, लादून मिळत नाही, आणि देवाला आज्ञाधारक वस्तू नकोत, लेकरं हवीत. हे उत्तर चर्चच्या शब्बाथ शाळेतलं मूलही सांगेल. भाऊंनाही ते आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की आपण देवाकडे याच्या नेमकं उलट मागतो आहोत. मला वाटतं, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं दुःख दुसऱ्याच्या स्वातंत्र्याविषयी असतं. “तुमची स्वतःची इच्छा देवानं काढून घ्यावी का?” असं मी विचारते तेव्हा माणसं चमकतात. स्वतःचं स्वातंत्र्य परत करायला कुणी तयार नसतं.

म्हणून सिद्धांताआधी मी येशूचं वागणं पाहायला सांगते. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, दहाव्या अध्यायात श्रीमंत माणूस येतो. येशू त्याच्याकडे पाहतो, त्याच्यावर प्रीती करतो, काय करायला हवं ते स्पष्ट सांगतो. तो खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही आणि अटही सैल करत नाही. त्याच अध्यायात आंधळा बार्तीमय ओरडत येतो. त्याला काय हवं हे आंधळ्यालाही दिसेल, तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसालाही आधी विचारतो, बरं व्हायची इच्छा आहे का? सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य सोडून जातात, तेव्हा बाराजणांकडे वळून विचारतो, तुम्हालाही जायचंय का? हे विचारणाऱ्याच्या हाती सगळी सत्ता होती, हे लक्षात घेऊन हे प्रसंग एकामागून एक वाचावेत. तो विचारल्याशिवाय राहतच नाही.

आता काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात, कारण या शिकवणीचा गैरवापर होताना मी पाहते.

मारहाण करणाऱ्या नवऱ्याविषयी “देवानं त्याला स्वातंत्र्य दिलंय, तू सोसत राहा” असं कुणी सांगत असेल, तर ते चूक आहे. भावाचा खून करणाऱ्या काइनाला देवानं आधी सावध केलं, कृत्य झाल्यावर जाब विचारला आणि शिक्षाही दिली. पुढे नियमशास्त्रात दुबळ्यांच्या रक्षणासाठी मर्यादा घालून दिल्या. दुसऱ्याला निवडीचा हक्क आहे याचा अर्थ तुमच्या अंगावर हात टाकायचा हक्क आहे असा होत नाही. अशा वेळी आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांची मदत घ्या. क्षमेचं बोलणं त्यानंतर.

व्यसनी माणसाला “तू ठरवलंस तर सोडशील” एवढंच सांगणंही अपुरं आहे. जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही आणि जे नको तेच करतो, हे प्रेषित पौलानं रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात स्वतः लिहिलं आहे. व्यसनात इच्छा दुखावलेली असते. तिला डॉक्टर लागतात, सोबत लागते आणि कृपा लागते. तरीही सोबत स्वीकारण्याचं एक लहानसं “हो” त्याचंच असतं. आपण त्या “हो” ची वाट सोपी करायची.

आणि नुकतंच ज्यांचं माणूस गेलं आहे, कुणाच्या तरी बेफिकिरीनं गेलं आहे, त्यांना इच्छास्वातंत्र्याचं स्पष्टीकरण देऊ नये. मी देत नाही. त्यांच्याजवळ बसते. शिवाय प्रत्येक दुःखाला हे उत्तर लागूही पडत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक दोषी होती असं समजू नका, असं येशूनं स्पष्ट सांगितलं. भूकंप किंवा आजार यांचं खापर ओढूनताणून कुणाच्या निवडीवर फोडण्यात शहाणपण नाही.

भाऊंकडे परत येते. फोन टेबलावर ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “मग प्रार्थनाच सोडू का?”

बहुतेक आईबाप इथेच अडखळतात. देव मन फिरवणार नसेल तर मागायचं काय? मी त्यांना पुन्हा पेत्राकडेच नेलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात येशू पेत्राला सांगतो की मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. कसली? याचं तोंड बंद कर, याला अंगणात जाऊच देऊ नकोस, अशी नाही. तुझा विश्वास ढळू नये, अशी. आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर, असंही पुढे सांगितलं. घसरण्याआधीच परतण्याची वाट मोकळी ठेवली आणि परत आल्यावर करायचं कामही सोपवून ठेवलं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रभूनं लुदिया नावाच्या बाईचं अंतःकरण उघडलं असं लिहिलं आहे, म्हणजे देव हात बांधून बसलेला नाही. तो मन उघडतो. पण उघडलेल्या मनानं पौलाचं बोलणं ऐकलं आणि आग्रहानं त्याला घरी नेलं ते लुदियेनं.

आम्ही बसून त्यांची नवी प्रार्थना लिहून काढली. तिच्या आयुष्यात चांगली माणसं येऊ दे. तिला खरं ऐकण्याची संधी मिळू दे. आमच्यामुळे तुझ्याविषयी तिचा गैरसमज झाला असेल तर तो दूर कर. ती परत आली तर आम्ही तिला टोमणे मारू नयेत एवढं आम्हाला बदल. शेवटची ओळ त्यांनी स्वतः सांगितली आणि लिहिताना दोनदा खोडली.

पहाटेची वचनं थांबली. काही दिवसांनी त्यांनी तिला एक संदेश पाठवला, मला आधी वाचून दाखवला: “तुझं काम कसं चाललंय? सवडीनं सांग, नाही सांगितलंस तरी चालेल.” वचन नव्हतं, सल्ला नव्हता. तिचं उत्तर आलं, चांगलं चार ओळींचं, सगळं कामाविषयी. देवाचा उल्लेख नव्हता. हल्ली ते महिन्यातून एकदोनदा बोलतात. ती अजून उपासनेला येत नाही. येईल की नाही, मला माहीत नाही, आणि तसं आश्वासन मी कुठल्याच आईबापाला देत नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, “मी अजून तिच्यासाठी प्रार्थना करतो, हे तिला सांगू का?”

“तिनं विचारलं तर सांगा,” मी म्हटलं. “आणि काय मागता तेही सांगा.”